मधपेटीसमोर गांधीलमाशी: ती कोणती, धोका किती आणि उपाय काय

पावसाळा सरत आला की सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी मधमाशीच्या, पेट्यांसमोर मोठ्या गांधीलमाश्या दिसू लागतात. सह्याद्रीच्या पट्ट्यात गणपती ते दिवाळी हा काळ मधपाळांना सर्वांत जड जातो. पावसाच्या महिन्यांत मधमाश्यांना पुरेशी उघडीप मिळालेली नसते, मधाचा साठा तळाला गेलेला असतो आणि वसाहत पोळ्याच्या दोन-तीन चौकटींवर येऊन ठेपलेली असते. गांधीलमाश्यांचे नेमके उलटे असते. त्यांची घरटी याच दिवसांत भरात येतात आणि आतल्या अळ्यांना रोज मांस लागते.

अशा वेळी दिसेल ती गांधीलमाशी मारायची आणि दिसेल ते पोळे जाळायचे, असा सरसकट उपाय सर्रास केला जातो. त्यात मरतात त्या बहुतेक निरुपद्रवी जाती. पेटीवर टपलेली शिकारी जात मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होते. म्हणून आधी ओळख, मग धोक्याचा अंदाज आणि त्यानंतर उपाय, हा क्रम मोडू नये.

हॉर्नेट नसलेल्या माश्या आधी बाजूला काढा

आपण गांधीलमाशी म्हणतो त्यात कितीतरी वेगवेगळे कीटक येतात. मधपेटीच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत त्या ‘व्हेस्पा’ या प्रजातीतल्या मोठ्या गांधीलमाश्या, म्हणजेच हॉर्नेट. बाकीच्या ओळखता आल्या की निम्मे काम झाले.

घराच्या वळचणीला, खिडकीच्या ग्रिलला किंवा पत्र्याखाली एका देठाला टांगलेले उघडे पोळे दिसले, त्यातली षटकोनी घरे खालून सरळ दिसत असली आणि बाहेरून कसलेही आवरण नसले, तर त्या कागदी पोळ्याच्या गांधीलमाश्या आहेत. पिवळीधमक, लांब पायांची ‘पोलिस्टेस’ यातलीच. उडताना तिचे मागचे पाय खाली लोंबत असतात, त्यावरून ती लांबूनही ओळखू येते. तिच्याहून बारीक, साधारण सेंटिमीटरभर लांबीची, तपकिरी ‘रोपालिडिया’ आपल्याकडे घरोघरी असते. रोपालिडिया मार्जिनाटा या जातीचे समाजजीवन राघवेंद्र गदगकर यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कित्येक दशके अभ्यासले आहे. या दोन्ही माश्या प्रामुख्याने अळ्यांवर जगतात. भाजीपाल्यावरच्या आणि झाडांवरच्या अळ्या त्या टिपत असतात. त्यांचे पोळे दारातच नसेल आणि घरात कुणाला डंखाची ॲलर्जी नसेल, तर ते राहू द्यावे.

मातीची घरटी करणारी कुंभारीण लांब, बारीक कंबरेची असते आणि एकटीच राहते. निळसर झाक असलेल्या काळ्या पंखांचा, लाकडाला भोक पाडणारा भुंगा तर मधमाशीचाच नातेवाईक आहे. या दोघांचाही पेटीला त्रास नाही.

खरी हॉर्नेट ओळखण्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. अंग जाड आणि लांबी साधारण २० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असते. डोळ्यांच्या मागे डोके रुंद आणि फुगीर असते. कागदी पोळ्याच्या माशीत हा भाग अरुंद असतो. तिसरी खूण सर्वांत भरवशाची. कंबरेनंतरचा पोटाचा पहिला खंड बाजूने पाहा. हॉर्नेटमध्ये त्याची पुढची बाजू उभी कापल्यासारखी सरळ असते, तर पोलिस्टेसमध्ये तो कंबरेकडे निमुळता होत जातो. लांबी आणि रंग दोन्ही फसवू शकतात, ही खूण सहसा फसवत नाही.

नमुना हातात घेऊन ओळखावा

उडत्या माशीचा रंग पाहून जात सांगणे म्हणजे अंदाज झाला. एक तरी नमुना पकडून पाहावा. लांब दांड्याचे फुलपाखरांचे जाळे किंवा रुंद तोंडाची पारदर्शक बरणी पुरते. माशी पेटीच्या दारासमोर एका जागी तरंगत असते, तेव्हा मागच्या बाजूने झडप घालावी. बरणी घट्ट बंद करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावी. तासाभरात बाहेर काढलेली माशी नुसती गारठलेली असू शकते आणि हातावर ठेवताच ती शुद्धीवर येते. मेलेल्या माशीची नांगीही काही वेळ टोचू शकते, म्हणून चिमट्यानेच उचलावी.

नमुना चिरडू नये आणि पाण्यात भिजू देऊ नये. कुजलेल्या किंवा ओल्या नमुन्याचे पिवळे पट्टे काळवंडतात आणि ओळख चुकते. पांढऱ्या कागदावर मिलिमीटरची पट्टी ठेवून तीन फोटो घ्यावेत: वरून, बाजूने आणि समोरून चेहऱ्याचा. लांबी डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत मोजावी, मिशा धरू नयेत. मग पोटाचे खंड मोजावेत. मोजणी कंबरेनंतरच्या पहिल्या खंडापासून सुरू करायची, कारण पट्टा कितव्या खंडावर आहे यावरच पुढची सगळी ओळख टिकून आहे.

नमुना मादीचा आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे. मादीच्या मिशीचे १२ भाग आणि पोटाचे ६ खंड दिसतात. नराच्या मिशीचे १३ भाग, पोटाचे ७ खंड असतात आणि पोटाचे टोक बोथट असते. नराला नांगी नसते. हंगामाच्या शेवटी नर जास्त दिसू लागले, तर घरटे उतरणीला लागले आहे असे समजावे.

आपल्याकडच्या जाती

महाराष्ट्र आणि गोव्यात बहुतेकदा गाठ पडते ती व्हेस्पा ट्रॉपिकाशी. गडद तपकिरी ते काळपट अंग आणि पोटावर एकच ठळक पिवळा पट्टा, तोही दुसऱ्या खंडावर. पहिला खंड गडद, दुसरा पिवळा आणि त्यापुढचा सगळा भाग काळा, अशी तिची मांडणी असते. कामकरी साधारण २४ ते २६ मिलिमीटर लांब, राणी ३० मिलिमीटरच्या घरात. झाडाची ढोली, भिंतीतली पोकळी, दगडांमधली फट किंवा जमिनीतले बीळ अशा आडोशाला ती घरटे करते. या जातीचे मुख्य खाद्य मधमाशी नाही. रोपालिडिया आणि पोलिस्टेस यांची पोळी लुटून त्यांच्या अळ्या पळवणे हा तिचा प्रमुख उद्योग. त्यामुळे ती वळचणीला घिरट्या घालताना दिसली, तर बहुधा तिथे कागदी पोळे आहे. मधमाश्याही ती धरते, पण बहुधा एकेक करून. परिसरातली कागदी पोळी जाळून टाकली की तिच्यासमोर उरलेले सोपे खाद्य म्हणजे आपली पेटी, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तिच्याशी हमखास गफलत होते ती व्हेस्पा ॲफिनिसची. ही दक्षिण आणि पूर्व भारतात, तसेच श्रीलंकेत भरपूर आहे. तिच्या पोटाचे पहिले दोन्ही खंड पिवळे-नारिंगी असतात आणि त्यामागचा भाग काळा. म्हणजे फरक एका खंडाचा: पिवळा रंग कंबरेपासूनच सुरू होत असेल तर ॲफिनिस, कंबरेजवळ गडद खंड सोडून सुरू होत असेल तर ट्रॉपिका. ॲफिनिसचे घरटे झुडपात, झाडावर किंवा छपराखाली उघड्यावर टांगलेले, कागदी आवरणाचे आणि मोठे असते. त्यातल्या माश्यांची संख्याही जास्त असते, म्हणून एकाच घरट्याकडून पेट्यांवर सतत ये-जा होऊ शकते.

कोरड्या भागात व्हेस्पा ओरिएंटॅलिस भेटते. अंग विटकरी तांबूस, चेहरा पिवळा आणि पोटाच्या तिसऱ्या-चौथ्या खंडांवर पिवळा पट्टा. जमिनीतले बीळ आणि जुन्या भिंतीतली पोकळी या तिच्या आवडत्या जागा. भर दुपारच्या उन्हात ती जास्त काम करते. मधमाश्यांसाठी तिघींत सर्वांत जास्त सावध राहावे ते हिच्यापासून. ती दारासमोरून मधमाशी उचलतेच. शिवाय वसाहत दुबळी असेल तर पेटीत शिरते आणि मध आणि पिलावा (अळ्या-कोश) दोन्ही फस्त करते. सूर्यफूल किंवा कांदा बियाण्याच्या शिवारात मेलिफेराच्या, म्हणजे पाळीव युरोपीय मधमाशीच्या, पेट्या फिरवणाऱ्यांनी ही जात पाठ करून ठेवावी.

ज्या इथे नाहीत, पण ज्यांची भीती फिरत असते

मोबाइलवर फिरणारी अंगठ्याएवढी ‘खुनी हॉर्नेट’ म्हणजे व्हेस्पा मँडारिनिया. नारिंगी डोके, काळी छाती, राणी ५० मिलिमीटरपर्यंत. भारतात ती हिमालयाच्या पट्ट्यात आणि ईशान्येकडे आढळते. सह्याद्रीत दिसलेल्या मोठ्या माशीला हे नाव देण्याआधी पट्टी लावून मोजावे. बहुतेकदा ती ट्रॉपिकाची राणी निघते. मँडारिनिया वेगळी ठरते ती सामूहिक हल्ल्यामुळे. २०-३० माश्यांची टोळी मेलिफेराची ३० हजार माश्यांची वसाहत काही तासांत संपवू शकते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया आणि अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात ती २०१९ मध्ये सापडली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने ती पूर्ण निपटून काढल्याचे जाहीर केले.

दुसरी व्हेस्पा व्हेलुटिना. पायांची टोके पिवळी असतात, ही तिची खूण. हिमालयात तिचे सोनेरी छटेचे रूप आहे आणि तिथल्या मधपाळांना ती दरवर्षी छळते. चीनमधून फ्रान्समध्ये पोहोचलेले गडद छातीचे रूप २००४ मध्ये तिथे नोंदले गेले आणि मग स्पेन, पोर्तुगाल, इटली, जर्मनी, ब्रिटन असे पसरले. २०२३ मध्ये ती अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातही सापडली. युरोपात राहणाऱ्या मराठी बागकामप्रेमींनी एक फरक लक्षात ठेवावा. तिथली मूळची व्हेस्पा क्राब्रो हिच्या पोटावर पिवळा रंग जास्त आणि पाय तपकिरी असतात, आणि जर्मनीत तिला कायद्याचे संरक्षण आहे. व्हेलुटिना दिसली तर स्वतः घरट्याला हात न लावता फोटोसह स्थानिक यंत्रणेला कळवायचे. ब्रिटनमध्ये त्यासाठी ‘एशियन हॉर्नेट वॉच’ हे ॲप आहे.

धोका किती, हे पेटी सांगते

गांधीलमाशी दिसली एवढ्यावरून धोका ठरत नाही. दुपारी ११ ते ३ च्या दरम्यान, ऊन असताना, पेटीपासून दोन मीटर बाजूला १० मिनिटे शांत उभे राहावे. थेट दारासमोर उभे राहू नये, त्याने मधमाश्यांची वाट अडते आणि मोजणी खोटी ठरते. तीन गोष्टी टिपाव्यात: किती गांधीलमाश्या आल्या, किती वेळा शिकार यशस्वी झाली आणि मधमाश्या कशा वागत आहेत.

सगळ्या पेट्या मिळून एखादी माशी येते, एखादी मधमाशी नेते आणि बाकीच्यांची ये-जा चालू आहे, अशा वेळी काही करू नये. निरोगी वसाहत हे नुकसान भरून काढते. एकाच पेटीसमोर दोन किंवा जास्त माश्या सतत तरंगत असतील, तर दार बांधायची, म्हणजे दाराची फट अरुंद करायची वेळ झाली. सर्वांत वाईट खूण मात्र शिकारीची नव्हे, शांततेची. बाहेर ऊन आहे, फुलोरा आहे, शेजारच्या पेटीवर वर्दळ आहे आणि या पेटीच्या दारात मधमाश्या दाटून बसल्या आहेत पण उडत नाहीत, तर वसाहतीने बाहेर पडणेच थांबवले आहे. प्रत्यक्ष मारल्या गेलेल्या माश्यांपेक्षा हा फटका मोठा असतो. पराग येत नाही, राणी अंडी घालणे कमी करते आणि सातेरी असेल तर काही दिवसांत सगळी वसाहत पेटी सोडून निघून जाते.

दारात बसलेल्या सातेरीच्या माश्या गांधीलमाशी जवळ येताच पोटे एका लयीत हलवतात आणि दारावर लहर उठल्यासारखे दिसते. ही घाबरल्याची खूण नव्हे. ‘आम्ही तुला पाहिले आहे’ असा तो इशारा असतो आणि पुष्कळदा शिकारी त्यावरून माघार घेते. आग्या माश्यांच्या उघड्या पोळ्यावर हीच लहर खूप मोठ्या प्रमाणावर दिसते. गांधीलमाशी दारावर उतरलीच, तर शेकडो माश्या तिच्यावर तुटून पडून गोळा करतात. जपानी सातेरीवरच्या अभ्यासात अशा गोळ्याच्या आत ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान मोजले गेले आहे. मँडारिनिया ४४ ते ४६ अंशांना मरते, तर मधमाशी ४८ ते ५० अंशांपर्यंत तग धरते. या दोन-चार अंशांच्या फरकावर सगळी लढाई जिंकली जाते. दारात असा गोळा दिसला तर तो काडीने फोडू नये आणि धूरही देऊ नये. गोळा फुटला की आतली शिकारी सुटते आणि माश्यांची मेहनत वाया जाते. मेलिफेराला हे तंत्र इतके जमत नाही. तिच्या माश्या एकेक करून लढायला बाहेर येतात आणि एकेक करून मरतात. सायप्रस बेटावरची मेलिफेरा मात्र ओरिएंटॅलिसला गराडा घालून तिची श्वासरंध्रे दाबून धरते आणि गुदमरवून मारते. हे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

पेटीभोवतीची जमीनही पाहावी. गांधीलमाशी मधमाशी घेऊन जवळच्या फांदीवर बसते, डोके, पंख, पाय आणि पोट कापून टाकते आणि फक्त छातीचा मांसल गोळा घरट्यावर नेते. झाडाखाली सुटी डोकी आणि पोटे पडलेली दिसली तर शिकारी हीच. माश्या कमी झाल्या पण असे तुकडे कुठेच नाहीत आणि वरच्या तारेवर मधमाश्या टिपणारे वेडे राघू रांगेने बसले आहेत, तर दोष गांधीलमाशीच्या माथी मारू नये. पंख थरथरवत जमिनीवर सरपटणाऱ्या अख्ख्या माश्या दिसल्या, तर फवारणीची विषबाधा किंवा आजार तपासावा. चौकटीवर जाळे आणि बोगदे असतील तर तो मेणकिडा.

दार बांधणे

सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे दाराची उंची कमी करणे. ५.५ मिलिमीटर उंचीच्या फटीतून मधमाशी सहज जाते, हॉर्नेट अडते. ही उंची डोळ्याने ठरवू नये. हार्डवेअरच्या दुकानातून ५.५ मिलिमीटरचे ड्रिल बिट आणावे आणि त्याचा दांडा मापासाठी वापरावा. दारावर जीआय पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी खिळ्यांनी बसवताना खाली हा दांडा आडवा ठेवायचा, पट्टी टेकवायची, खिळे ठोकायचे आणि दांडा काढून घ्यायचा. लाकडी पट्टी टाळावी. गांधीलमाशीचे जबडे लाकूड कुरतडू शकतात आणि पावसाळी हवेत लाकूड फुगून फट बदलते.

फटीची लांबी वसाहतीच्या ताकदीवर ठेवावी. दोन-तीन चौकटींच्या वसाहतीला ४ ते ५ सेंटिमीटर पुरते, भरलेल्या पेटीला ८ ते १० सेंटिमीटर हवे. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे भीतीने फट बोटभर करून ठेवणे. ऑक्टोबरच्या उन्हात आत उष्णता कोंडते, माश्या बाहेर लोंबून बसतात आणि तीच बाहेर लोंबणारी माशी गांधीलमाशीला आयती मिळते. दुसरी अडचण मेलेल्या माश्यांची. अरुंद फटीतून मृत माश्या ओढून बाहेर काढणे कामकऱ्यांना जड जाते आणि दार आतून बुजते. तीन-चार दिवसांनी संध्याकाळी वाकवलेल्या तारेने तळपाट (पेटीचा तळ) साफ करावा. पेटीच्या फुटलेल्या कोपऱ्यांकडेही पाहावे. दार कितीही नेटके केले आणि मागे सेंटिमीटरची फट राहिली, तर गांधीलमाशी दोन दिवसांत ती शोधते.

राणी अडवायची जाळी दाराला लावूनही गांधीलमाशी थांबते. पण तिच्या फटी आणखी अरुंद असतात. नर आत-बाहेर करू शकत नाहीत आणि कामकऱ्यांच्या पायांवरचे पराग घासून पडतात. हल्ला तीव्र असताना ८-१० दिवस ती ठीक आहे, महिनाभर ठेवू नये. नवी राणी मिलनासाठी बाहेर पडायची असेल तेव्हा तर मुळीच नको.

मधमाश्यांनी बाहेर पडणे थांबवले असेल, तर दारासमोर जाळीचा पिंजरा बसवावा. सुमारे ३० सेंटिमीटर खोल, दाराइतका रुंद आणि सर्व बाजूंनी बंद. जाळीची भोके ६ मिलिमीटरच्या आसपास हवीत. यामुळे गांधीलमाशीला अगदी दारावर तरंगता येत नाही, मधमाश्यांना आत उडायला जागा मिळते आणि त्या पुन्हा बाहेर पडू लागतात. शिकार पूर्ण थांबत नाही, वसाहतीचे काम सुरू राहते. उपयोग तेवढाच, पण तो मोठा आहे. पिंजरा संध्याकाळी सगळ्या माश्या परतल्यावर बसवावा. पहिले दोन दिवस माश्या जाळीवर अडखळतात, म्हणून लगेच काढून टाकू नये.

याच काळात दुबळ्या वसाहतीला खायला द्यावे. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक २०० ते २५० मिलिलिटर, संध्याकाळी, पेटीच्या आत. उघड्यावर ठेवलेला पाक दुसऱ्या वसाहतींना लुटालुटीचे आणि गांधीलमाश्यांना जेवणाचे आमंत्रण ठरतो. माश्यांनी न झाकलेल्या रिकाम्या चौकटी काढून घ्याव्यात आणि अगदी मोडकळीस आलेल्या दोन वसाहती एकत्र कराव्यात.

मारणे आणि सापळे

एकच माशी दिवसभर त्याच पेटीवर येत राहते. त्यामुळे बॅडमिंटनच्या रॅकेटने किंवा पातळ फळीने सलग आठवडाभर, दुपारच्या वेळी, येईल तेवढी मारली तर लहान घरट्याचा त्रास खरोखर कमी होतो. डास मारायच्या विजेच्या रॅकेटने मोठी माशी अनेकदा नुसती बधिर होते. पडल्यावर बुटाने चिरडावी लागते. सर्वांत मोठा फायदा हंगामाच्या आधी मिळतो. नवे घरटे एकटी राणी सुरू करते आणि तेव्हा मेलेली एक राणी म्हणजे पुढचे एक अख्खे घरटे कमी. मात्र तेव्हाही जात ओळखूनच मारावे.

सापळ्यासाठी दोन लिटरची पाण्याची बाटली घ्यावी.

१. वरचा एक तृतीयांश भाग कापून, झाकणासह, उलटा करून खालच्या भागात बसवावा. झाकणाला ९ मिलिमीटरचे भोक पाडावे.
२. बाटलीच्या बाजूंना, आमिषाच्या पातळीच्या वर, ५.५ मिलिमीटरची १५-२० भोके पाडावीत. लहान कीटक आणि चुकून शिरलेल्या मधमाश्या तिथून सुटतात.
३. १०० ग्रॅम गूळ २५० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यात पिकलेल्या केळ्याचा तुकडा कुस्करावा. दोन-तीन दिवस आंबू द्यावे, मग दोन चमचे व्हिनेगर घालावे.
४. तळाशी स्पंज किंवा खडे ठेवून त्यावर आमिष ओतावे, म्हणजे आत पडलेले कीटक बुडत नाहीत.
५. पेट्यांपासून ५ ते १० मीटरवर, सावलीत, मीटर-दीड मीटर उंचीवर टांगावे.

आंबवणे टाळू नये. ताज्या गुळाच्या पाण्यावर मधमाश्या तुटून पडतात. आंबल्यावर येणारा वास त्यांना दूर ठेवतो. मध तर आमिषात कधीच वापरू नये. पहिल्या दिवशी संध्याकाळी सापळा उघडून पाहावा, आणि मधमाश्या किंवा फुलपाखरे जास्त दिसली तर तो काढून टाकावा. अळ्या वाढवण्याच्या भरात असलेल्या गांधीलमाशीला गोडापेक्षा मांस हवे असते. तेव्हा बांगड्याचे डोके किंवा कोंबडीचा तुकडा जास्त चालतो, आणि त्यावर मधमाशी येतही नाही. असे आमिष रोज बदलावे, सडलेल्या मांसाकडे ती पाठ फिरवते.

विष घातलेले आमिष कोणी सुचवले तरी वापरू नये. ते कुठे जाऊन पडेल आणि कोण खाईल यावर आपला ताबा राहत नाही. उंदरांसाठीचे चिकट बोर्ड उघड्यावर ठेवले तर त्यावर पाली आणि लहान पक्षीही अडकतात.

घरटे शोधणे आणि काढणे

शिकार घेऊन निघालेली माशी जवळजवळ सरळ रेषेत उडते. सूर्य कलल्यावर, त्याच्या दिशेला तोंड करून पाहिले की उडणारी माशी चमकते आणि दिशा कळते. मांसाच्या तुकड्यावर बसलेल्या माशीच्या पाठीवर व्हाइटनरच्या पेनाने ठिपका द्यावा आणि ती परत यायला किती वेळ लागतो ते मोजावे. युरोपात व्हेलुटिनासाठी दर मिनिटाला सुमारे १०० मीटर असा ढोबळ हिशेब वापरतात. आपल्याकडच्या जातींसाठी तो फक्त जवळ-लांब ठरवण्यापुरता घ्यावा. दोन वेगवेगळ्या जागांवरून दिशा घेतल्या की त्या जिथे एकमेकींना छेदतात, त्या भागात ढोल्या, बिळे आणि पडक्या भिंती तपासाव्यात.

घरटे सापडले म्हणजे काढलेच पाहिजे असे नाही. माणसांच्या वाटेपासून लांब आणि पेट्यांवरचा त्रास दारबंदीने आटोक्यात असेल, तर सोडून द्यावे. जुने घरटे सहसा पुन्हा वापरले जात नाही. काढायचेच असेल तर प्रशिक्षित माणसाला बोलवावे. पेटी उघडताना घालतो तो पातळ पोशाख हॉर्नेटच्या नांगीला पुरत नाही. बिळात पेट्रोल ओतून पेटवणे आणि टेंभा लावणे यातून भाजण्याचे आणि वणव्याचे प्रकार होतात, शिवाय बाहेर असलेल्या माश्या चवताळून परततात. घरट्याजवळ एखादी माशी चिरडली तर तिच्या विषाच्या वासाने बाकीच्या सावध होतात, म्हणून तिथे झटापट नको. हळू, न धावता मागे सरकावे. हल्ला सुरू झालाच, तर मात्र चेहरा झाकून बंद घरात किंवा गाडीत शिरेपर्यंत थांबू नये. पाण्यात उडी मारून उपयोग होत नाही.

डंख झाल्यावर

गांधीलमाशीची नांगी अंगात तुटून राहत नाही, ती पुन्हा पुन्हा डंख करू शकते. अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढावे, जागा साबणाने धुवावी, कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटे ठेवावा. नुसती वेदना आणि त्या जागेपुरती सूज एक-दोन दिवसांत उतरते.

अंगभर गांधी उठणे, ओठ किंवा घसा सुजणे, श्वास लागणे, चक्कर, उलटी यांतले काहीही दिसले तर तो तातडीचा प्रसंग आहे. १०८ ला फोन करून रुग्णाला आडवे झोपवावे. श्वास लागत असेल तर टेकून बसवावे. इथे जीव वाचवते ते ॲड्रेनलिनचे इंजेक्शन, घरगुती लेप नव्हे. ज्यांना आधी अशी प्रतिक्रिया आली आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पेट्यांवर एकट्याने काम करू नये.

ॲलर्जी नसली तरी दहा-पंधरा किंवा जास्त डंख झाले असतील, किंवा डंख झालेला लहान मूल असेल, तर दवाखाना गाठावा. हॉर्नेटच्या विषाने स्नायू आणि रक्तपेशी फुटतात आणि त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. हे लगेच दिसत नाही. पहिल्या दिवशी रुग्ण बरा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी लघवी चहाच्या रंगाची किंवा अगदी कमी होते. म्हणून पुढचे दोन-तीन दिवस लघवीचा रंग आणि प्रमाण पाहत राहावे, आणि फरक वाटला तर डंख किती आणि कधी झाले ते डॉक्टरांना सांगावे. वेदनेसाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या या काळात स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, त्या मूत्रपिंडावरचा ताण वाढवतात.